खातं, ॲप आणि सर्व्हर: मास्टोडॉनवर रुळताना

मास्टोडॉनच्या ॲपमध्ये शिरायचं असेल तर नाव-पासवर्डच्या आधी ते विचारतं, तुमचा सर्व्हर कोणता? तोवर कुठल्याही सोशल मीडियाच्या ॲपने मला हा प्रश्न विचारलेला नव्हता. तिकडे कंपनी एक, ॲप एक, नियम एक. मास्टोडॉन हेही सोशल मीडियाच, पण वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या आणि एकमेकांशी जोडलेल्या अनेक सर्व्हरांचं बनलेलं. हे सगळं सुटं सुटं असू शकतं असं कधी मनातही आलं नव्हतं. रुळायला मला जो वेळ लागला तो मुख्यतः या सुटेपणाची सवय व्हायला लागला. आणि आज ही जागा सोडवत नाही त्याचं कारणही तेच आहे.

मी आले २०२२च्या अखेरीस. ऑक्टोबरच्या शेवटी ट्विटरची मालकी बदलली आणि मी ज्यांना वाचत होते त्यांतले कितीतरी जण आपल्या नावाशेजारी दोन ॲट चिन्हं असलेला लांबलचक पत्ता लिहू लागले. मास्टोडॉन तेव्हा नवं नव्हतं. ऑयगेन रोचको यांनी ते जर्मनीत २०१६ साली सुरू केलं. ज्या प्रोटोकॉलवर, म्हणजे सर्व्हरांनी एकमेकांशी बोलण्याच्या ठरलेल्या पद्धतीवर, ते चालतं तो ॲक्टिव्हिटीपब जानेवारी २०१८मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने अधिकृत शिफारस म्हणून स्वीकारला. म्हणजे आमची गर्दी लोटली तेव्हा तिथे आधीपासून नांदणारी माणसं होती आणि त्यांच्या रीतीही ठरलेल्या होत्या.

सर्व्हर निवडताना सगळे एकच सल्ला देत होते: कुठलाही घ्या, काही फरक पडत नाही. कुठूनही कुणालाही फॉलो करता येतं, एवढ्यापुरतं ते खरं आहे. हे पटवून देताना ईमेलचा दाखला हमखास दिला जातो. एकाची ईमेल एका कंपनीची, दुसऱ्याची दुसऱ्या कंपनीची, तरी पत्र पोचतंच ना? मला हा दाखला अर्धाच पटतो. ईमेल पुरवणारी कंपनी आपण कुणाशी बोलावं यात सहसा पडत नाही. इथे मात्र सर्व्हरचा ॲडमिन दुसऱ्या एखाद्या सर्व्हरशी संबंध तोडू शकतो. मग तिथली माणसं आपल्याला दिसत नाहीत आणि आपण त्यांना. द्वेष पसरवणाऱ्या सर्व्हरांच्या बाबतीत ते हवंच, नाहीतर ही जागा राहण्यालायक उरणार नाही. पण असे निर्णय कोण घेतं आणि कोणत्या नियमांनी घेतं, हे दारातच कळलेलं बरं.

ते कळायची सोयही आहे. प्रत्येक सर्व्हरचं एक माहितीपान असतं. तिथे ॲडमिनचं नाव, संपर्क, नियम आणि बहुतेक ठिकाणी संबंध तोडलेल्या सर्व्हरांची यादी असते. मी बरीच माहितीपानं वाचली आणि हे वाचन मला फार उपयोगी पडलं. कुठे नियम चार ओळींत उरकलेले, कुठे तक्रार आल्यावर नेमकं काय होतं तेही लिहिलेलं. मास्टोडॉनच्या अधिकृत यादीत नाव हवं असेल तर सर्व्हरला काही गोष्टी कबूल कराव्या लागतात. वंशद्वेष, लिंगद्वेष यांवर सक्रिय देखरेख ठेवायची, रोज बॅकअप घ्यायचा, अडीअडचणीला आत जाऊ शकेल असा किमान आणखी एक माणूस ठेवायचा आणि बंद करायची वेळ आली तर तीन महिने आधी सांगायचं. या शेवटच्या अटीचं मोल मला पुढे कळलं. २०२३मध्ये अधिकृत ॲप नवख्यांना थेट मास्टोडॉन डॉट सोशल या मोठ्या सर्व्हरकडे नेऊ लागलं. निवडीच्या पानावरच गळून जाणारे लोक त्यामुळे आत येतात, हे मान्य. तरी ज्याला जमेल त्याने दोन-चार माहितीपानं वाचूनच खातं काढावं, असं मी आग्रहाने सांगते.

खातं झालं आणि समोर आली रिकामी टाइमलाइन. इथली होम टाइमलाइन वेळेच्या क्रमाने चालते आणि तिच्यात आपण फॉलो केलेलंच येतं. कुणालाच फॉलो केलं नाही, तर काहीच नाही. इतर ठिकाणी अशी रिकामी जागा यंत्र लगेच भरून काढतं: हे बघा, ते बघा, हे लोकांना आवडतंय. त्याची इतकी सवय झालेली असते की शांत टाइमलाइन बिघडल्यासारखी वाटते. बरेच जण याच टप्प्यावर परत जातात आणि मला त्यांचं नवल वाटत नाही.

मला हात दिला तो हॅशटॅगनी. नोव्हेंबर २०२२मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून माणसांसारखाच हॅशटॅगही फॉलो करता येतो आणि त्या पोस्टी सरळ आपल्या टाइमलाइनमध्ये येतात. माझे विषय खगोलशास्त्र आणि जुने नकाशे. त्यांचे हॅशटॅग धरले आणि दिसणाऱ्या पोस्टींतून माणसं सापडू लागली. एखादीची दुर्बिणीतून टिपलेली छायाचित्रं आवडली की ती कुणाच्या पोस्टी बूस्ट करते, म्हणजे आपल्या वाचकांकडे पुढे पाठवते, ते बघायचं, तिथून पुढे जायचं. हॅशटॅगचं महत्त्व इथे इतकं असायला कारण आहे. सगळ्या पोस्टींमधला शब्द न् शब्द शोधता येण्याची सोय मास्टोडॉनने मुद्दाम ठेवली नव्हती. शोधून शोधून लोकांना छळण्याचे प्रकार टाळणं हा त्यामागचा हेतू. सप्टेंबर २०२३मधल्या ४.२ आवृत्तीत शोध आला, पण ज्यांनी आपल्या सार्वजनिक पोस्टी शोधात येऊ द्यायला संमती दिली आहे त्यांच्यापुरताच. त्यामुळे आपलं लिखाण अनोळखी वाचकापर्यंत पोचावं असं वाटत असेल तर हॅशटॅग लावायलाच हवा.

आणि बूस्ट करायलाच हवं. हे अंगवळणी पडायला वेळ लागला. आधीच्या सवयीने मी आवडलेल्या पोस्टीवर तारा दाबून पुढे जात होते. इथे त्या ताऱ्याने लिहिणाऱ्याला फक्त कळतं की मला आवडलं, पोस्ट कुणाच्याही टाइमलाइनमध्ये वर चढत नाही. ती चार लोकांपुढे जावी असं वाटत असेल तर ती मी स्वतः पुढे पाठवली पाहिजे. म्हणजे माझ्या वाचकांपुढे काय जाईल, याची थोडी जबाबदारी माझ्याकडे आली. मी जपून वाचायला लागले. एखादी बातमी पुढे ढकलण्याआधी तिची तारीख बघायला लागले. यंत्राच्या हातातलं हे काम माणसांच्या हातात आलं की संभाषणाचा पोत बदलतो आणि मला तो बदललेला पोत मनापासून आवडतो.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगून ठेवते. पोस्ट लिहिण्याच्या चौकटीत भाषेची खूण असते. ॲप इंग्रजीत वापरत असाल तर बहुधा तिथे इंग्रजीच लावलेली असते. सार्वजनिक टाइमलाइनमध्ये फक्त ठरावीक भाषाच दिसाव्यात अशी निवड वाचकाला करता येते, आणि ती होते याच खुणेवरून. मराठी पोस्टीवर इंग्रजीची खूण असेल तर फक्त मराठी निवडलेल्या वाचकाला ती दिसणारच नाही. ज्यांना ती भाषा येत नाही त्यांच्यासाठी भाषांतराचं बटण देणारे सर्व्हरही याच खुणेवर विसंबतात.

आता ॲपकडे येते, कारण माझा खरा दिवस मोबाइलवरच जातो. मास्टोडॉनचं अधिकृत ॲप आयफोनवर जुलै २०२१मध्ये आलं आणि अँड्रॉइडवर एप्रिल २०२२मध्ये. म्हणजे पहिली चार-पाच वर्षं मोबाइलवरचा सगळा भार बाहेरच्या लोकांनी, पुष्कळदा फावल्या वेळात, बनवलेल्या ॲप्सनी वाहिला. अधिकृत ॲप आलं तेव्हा त्यात स्थानिक आणि फेडरेटेड टाइमलाइन नव्हती, म्हणजे आपल्या सर्व्हरवरच्या आणि त्याला माहीत असलेल्या बाहेरच्या सार्वजनिक पोस्टींचे प्रवाह. नवख्यांना गोंधळ नको म्हणून ते केलं होतं, पण जुन्या लोकांना ते रुचलं नाही. मग त्याच ॲपचा खुला कोड घेऊन कुणीतरी अँड्रॉइडसाठी मेगॅलोडॉन बनवलं आणि त्यात फेडरेटेड टाइमलाइन, मसुदे, वेळ लावून पोस्ट करणं, अशा सगळ्या गोष्टी घातल्या. मला हे पाहून फार बरं वाटलं. ॲपमध्ये एखादी गोष्ट नसेल तर ‘कंपनीला कधीतरी सुचेल’ म्हणून वाट बघायची, एवढंच मला ठाऊक होतं.

त्याच सुमारास, जानेवारी २०२३मध्ये, ट्विटरने बाहेरच्या ॲप्सची वाट बंद केली आणि ट्वीटबॉटसारखं वर्षानुवर्षं घडवलेलं ॲप एका झटक्यात निकामी झालं. ते बनवणाऱ्या टॅपबॉट्सने त्याच महिन्यात मास्टोडॉनसाठी आयव्हरी आणलं. आइस क्यूब्स हे खुल्या कोडचं आयफोन ॲपही तेव्हाचंच. अँड्रॉइडवर टस्की आधीपासून होतंच आणि मी सर्वांत जास्त काळ तेच वापरलं. टस्कीत टॅब हवे तसे मांडता येतात. माझा पहिला टॅब होमचा, दुसरा निवडक माणसांच्या यादीचा, तिसरा खगोलशास्त्राच्या हॅशटॅगचा.

एकच खातं मी आळीपाळीने अनेक ॲप्समध्ये वापरून पाहिलं. पहिल्यांदा भीती वाटते: हे अनोळखी ॲप, त्याला आपला पासवर्ड कसा द्यायचा? द्यावा लागतच नाही. ॲप आपल्याला आपल्या सर्व्हरच्या पानावर पाठवतं, लॉगिन तिथे होतं आणि सर्व्हर ॲपला फक्त परवानगी देतो. कोणकोणत्या ॲप्सना परवानगी दिली आहे त्याची यादी खात्याच्या सेटिंगमध्ये असते आणि नको ते तिथून काढून टाकता येतं.

दुसरी गोष्ट वापरता वापरता कळत गेली: कुठली वस्तू सर्व्हरवर राहते आणि कुठली फोनवर. कुणाला फॉलो केलं, कुणाला म्यूट किंवा ब्लॉक केलं, याद्या, बुकमार्क, नको त्या शब्दांचे फिल्टर, हे सगळं सर्व्हरवर असतं. ॲप बदललं तरी ते जसंच्या तसं दिसतं. अर्धवट लिहिलेले मसुदे, अक्षरांचा आकार, टॅबांची मांडणी मात्र त्या त्या ॲपची असते. टस्कीत ठेवलेला मसुदा दुसऱ्या ॲपमध्ये सापडत नाही. नोटिफिकेशनचंही तसंच. नोटिफिकेशन पोचवणाऱ्या गुगलच्या सेवेवर अवलंबून राहायचं नाही असं ठरवलेली ॲप्स एकतर युनिफाइडपुशसारखी वेगळी वाट घेतात, नाहीतर ठरावीक अंतराने स्वतःच सर्व्हरला विचारतात. त्यामुळे उत्तर आल्याचं थोडं उशिरा कळतं. मला त्या उशिराचा त्रास झाला नाही. उलट फोन हातात घेण्याची घाई कमी झाली.

सध्या मोबाइलवर मी फॅन्पी वापरते. ते ॲप स्टोअरमधून घ्यावं लागत नाही. ब्राउझरमध्ये उघडायचं आणि फोनच्या पडद्यावर चिकटवायचं. ते बूस्ट केलेल्या पोस्टी एका आडव्या पट्टीत गोळा करतं, त्यामुळे माणसांनी स्वतः लिहिलेलं वेगळं उठून दिसतं. दिवसभर न बघता रात्री एकदम वाचायचं असेल तर मागच्या ठरावीक तासांतल्या पोस्टी लेखकानुसार लावून दाखवण्याचीही सोय त्यात आहे. माझ्यासारख्या सावकाश वाचणारीला याहून चांगलं काही मिळालेलं नाही.

अडचणी आहेत आणि त्यांतली एक अजूनही रोज भेटते. कुणी मास्टोडॉनवरच्या पोस्टीची लिंक पाठवली की ती दुसऱ्याच सर्व्हरवर, ब्राउझरमध्ये उघडते. तिथे माझं खातं नाही, मी परकी. उत्तर द्यायला गेलं तर लॉगिनचं पान येतं. उपाय साधा आहे: लिंक कॉपी करायची आणि आपल्या ॲपच्या शोधपट्टीत टाकायची, की तीच पोस्ट आपल्या सर्व्हरवरून उघडते आणि उत्तर देता येतं. पण हे कुणी सांगितल्याशिवाय कळणं कठीण आहे आणि एवढ्या एका गोष्टीवरून मी माणसं वैतागून गेलेली पाहिली आहेत.

दुसरी, अपुऱ्या दिसणाऱ्या गोष्टींची. माझ्या सर्व्हरवरचं कुणीच एखाद्याला फॉलो करत नसेल तर त्याच्या जुन्या पोस्टी माझ्या सर्व्हरकडे आलेल्याच नसतात आणि त्याचं पान ओसाड दिसतं. उत्तरांचंही तेच. मला प्रश्नाखाली दोनच उत्तरं दिसतात, पण मूळ सर्व्हरवर वीस असतात. त्यामुळे एकच उत्तर दहा जण देतात आणि विचारणारा कावतो. मी आता लांब चर्चेत बोलण्याआधी मूळ पान उघडून बघते. अलीकडच्या आवृत्त्यांत राहिलेली उत्तरं मागवून आणण्याची सोय येऊ लागली आहे. हे काम फार आधी व्हायला हवं होतं.

खाजगी संदेशांबद्दल प्रत्येक नव्या माणसाला मी आवर्जून सांगते. पोस्ट कुणाला दिसावी याचे चार स्तर आहेत आणि सर्वांत आतला स्तर म्हणजे फक्त ज्यांचा उल्लेख केला त्यांच्यापुरती. त्याला खाजगी संदेश समजलं जातं, पण तो दोन्ही टोकांना कुलूपबंद नसतो. दोन्हीकडचे ॲडमिन तांत्रिकदृष्ट्या तो वाचू शकतात. शिवाय अशा संदेशात तिसऱ्या कुणाचा उल्लेख त्याच्या पूर्ण पत्त्यासह केला तर संदेश त्यालाही पोचतो. गुपितासाठी दुसरी साधनं आहेत, ती वापरावीत.

जुन्या रहिवाशांच्या रीतींपैकी एक मी मनापासून उचलली, ती म्हणजे प्रत्येक चित्राला वर्णन लिहिण्याची. ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन हे वर्णन वाचून दाखवतो. काही ॲप्स वर्णन न लिहिता पोस्ट करायला गेलं की थांबवून आठवण करून देतात. नकाशाचं वर्णन लिहिताना मला तो नकाशा नव्याने बघावा लागतो: किनारा कुठे संपतो, कोणत्या बाजूला मोकळी जागा सोडली आहे, कुठलं गाव ठळक आहे. माझ्या पोस्टी यामुळे सुधारल्या.

आणि मग सर्व्हर बदलायची वेळ आली. मी होते तो सर्व्हर बंद होणार असं ॲडमिनने जाहीर केलं, कबूल केल्याप्रमाणे पुरेसा अवधी देऊन. सर्व्हर चालवणं सोपं नाही. दुसऱ्या सर्व्हरांवरून आलेल्या चित्रांच्या आणि व्हिडिओंच्याही प्रती साठवाव्या लागतात, जागेचा खर्च वाढत जातो, तक्रारी रात्री-अपरात्री येतात आणि बरेचसे सर्व्हर देणग्यांवर चालतात. मोठ्या नावांनाही हे चुकलेलं नाही. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने आपला सर्व्हर डिसेंबर २०२४मध्ये बंद केला.

नव्या सर्व्हरवर खातं काढलं, तिथे जुन्या खात्याचा पत्ता नोंदवला, मग जुन्या खात्यावर जाऊन स्थलांतराचा आदेश दिला. फॉलोअर आपोआप नव्या पत्त्याकडे येऊ लागले. आकडा शून्यावरून चढताना बघणं हा मोठा दिलासा होता. एवढ्या माणसांना एकेक करून गाठणं मला शक्यच नव्हतं. मी ज्यांना फॉलो करते त्यांची यादी, ब्लॉक, म्यूट, बुकमार्क हे वेगवेगळ्या फायलींत उतरवून घेऊन नव्या जागी चढवावं लागतं. एकदा हलल्यावर त्याच खात्यावरून ३० दिवस पुन्हा हलता येत नाही. आणि हा आदेश द्यायला जुना सर्व्हर जिवंत असावा लागतो. तो रातोरात गेला तर फॉलोअरही गेले. तीन महिन्यांची अट कशासाठी आहे ते तेव्हा उमगलं. मी ज्यांना फॉलो करते त्यांच्या यादीची फाइल मी आता अधूनमधून उतरवून ठेवते.

पोस्टी मात्र सोबत येत नाहीत. त्यांचा संग्रह डाउनलोड करता येतो, पण नव्या सर्व्हरवर चढवता येत नाही. माझ्या नकाशांच्या पोस्टी, त्यांच्याखालची उत्तरं, एका वाचकाने दाखवून दिलेली नदीच्या प्रवाहाची गंमत, हे सगळं आता माझ्या संगणकावरच्या एका फायलीत आहे. जी व्यवस्था ‘तुमचं तुमच्याकडे’ म्हणते तिने हे सोडवायलाच हवं. लिखाण मागे राहत असेल तर स्थलांतर अर्धंच झालं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तरीही माणसं आली, हे मोठंच आहे. दुसऱ्या कुठल्या ठिकाणी मला नियम पटले नाहीत म्हणून मी दारं बदलली आणि वाचक बरोबर आले, असं कधी झालं नव्हतं. मास्टोडॉन घडवणाऱ्यांच्या घरातही बदल झाले. जानेवारी २०२५मध्ये मालकी ना-नफा संस्थेकडे सोपवण्याचं जाहीर झालं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात रोचको मुख्य पदावरून बाजूला झाले. माझ्या टाइमलाइनवर त्या दिवशी लोकांनी त्यांचे आभार मानले आणि बाकी सगळं नेहमीसारखं चालू राहिलं. नव्या सर्व्हरला मी दर महिन्याला थोडे पैसे देते आणि त्याचा हिशेब ॲडमिन सगळ्यांसमोर मांडतो.

ट्विटरवर मी ज्यांना वाचत होते त्यांतले पुष्कळ जण इथे आले नाहीत. काही आले आणि परत गेले, बरेच फेब्रुवारी २०२४मध्ये ब्लूस्काय हे दुसरं सोशल मीडिया सगळ्यांसाठी खुलं झाल्यावर तिकडे गेले. त्याचा प्रोटोकॉल वेगळा आहे, त्यामुळे इथून थेट फॉलो करता येत नाही. ब्रिजी फेड नावाचा पूल आहे, पण त्यासाठी दोन्ही बाजूंनी आपापल्या खात्यावर तो सुरू करावा लागतो. मी माझ्याकडून केला आहे. तिकडच्या काही मैत्रिणींनीही केला आहे आणि त्यांच्या पोस्टी मला माझ्या नेहमीच्या टाइमलाइनमध्ये, वेळेच्या क्रमाने, बाकीच्यांच्या मधोमध दिसतात.